केंद्रकात उजेड नको

बाबांच्या पायांना चोळायचं तेल थंडीने थिजलं होतं, म्हणून थोरलीने बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात उभी करून ठेवली. थोड्या वेळाने तेल पाण्यासारखं पातळ झालं. तिने झाकण फिरवून काढलं आणि तिचा हात तिथेच थबकला. झाकणाच्या आत पांढऱ्या तेलाचा गोळा जसाच्या तसा घट्ट बसून होता. खालचं सगळं वितळलं होतं, वर मात्र ऊब पोहोचलीच नव्हती.

"तेल लावतेस की त्याचं दर्शन घेत बसतेस?" पलंगावरून बाबा म्हणाले.

थोरलीने बाटली खाली ठेवली, गळ्यातला रुमाल ओढून नाकातोंडावर बांधला आणि एकेक पाऊल मागे सरकत दारापाशी गेली.

"अगं, काय झालं? पाय इतके वाईट आहेत का माझे?"

"बाबा, मी जरा बाहेर जाते. धाकट्याला पाठवते."

जिन्यात येऊन तिने प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंना फोन लावला. बाई म्हणजे कामात कडक, मनाने लोण्याहून मऊ.

"बाई, माझ्याकडून चूक झालीय. परवा विषाणू मारायला नळी गरम ठोकळ्यात ठेवली ना, त्याआधी ती फिरवलीच नाही."

हे काम करणाऱ्या माणसाला एवढं वाक्य पुरे. तुम्हाआम्हाला मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

थोरली काम करायची ते फ्लूच्या विषाणूवर. फ्लू झटपट ओळखायची एक नवी चाचणी त्यांच्याकडे घडत होती. नाकातला स्राव कागदी पट्टीवर टाकायचा, रेष उमटली की समजायचं, फ्लू आहे. ही रेष उमटते ती विषाणूच्या पोटातल्या एका प्रथिनामुळे. त्याचं नाव न्यूक्लिओप्रोटीन, लाडाचं नाव एनपी. विषाणू जिवंत असो की मेलेला, एनपी असलं की रेष येते. म्हणून पट्ट्या तपासताना जिवंत विषाणू कशाला हाताळायचा? तो तापवून मारायचा आणि मग उघड्या टेबलावर बिनघोर काम करायचं.

मारायची रीत सोपी. नळी गरम ठोकळ्याच्या भोकात बसवायची आणि ठरलेला वेळ थांबायचं. पण ठोकळ्यात बसतो तो नळीचा खालचा भाग. झाकणाला आतून एखादा थेंब चिकटलेला असेल तर त्याला ती ऊब लागत नाही. म्हणून आधी नळी यंत्रात घालून गरकन फिरवतात, म्हणजे वरचे थेंब तळाशी येतात. थोरलीने ही गोष्ट हजारदा केली असेल. परवा नेमका आईचा फोन आला होता, बाबांच्या गोळ्या कुठल्या डबीत आहेत म्हणून. एका हाताने फोन धरून तिने दुसऱ्या हाताने नळी ठोकळ्यात बसवली आणि फिरवायचं राहून गेलं.

"तेवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं," ती बाईंना म्हणाली. "नंतर नळी उलटसुलट हलवून उघडली तेव्हा एक थेंब उडाला. इथे, ओठाजवळ. मेलेलाच आहे म्हणून मी बाहीने पुसून टाकला."

"घरी कोणाकोणाजवळ गेलीस?"

"सगळ्यांजवळ. दोन संध्याकाळी बाबांना माझ्या हाताने भरवलंय, बाई."

बाईंना बाबांची हकिगत ठाऊक होती. बाबा जन्मभर शिवणयंत्र चालवून थकलेले शिंपी. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा आईने स्वतःचं एक काढून दिलं. ते त्यांच्या अंगात नुकतं रुळत होतं. अंगाने ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठी बाबांना रोज एक गोळी असायची. ती शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवायची. पहारेकरी गुंगीत, म्हणजे घर आलेल्यागेलेल्याला उघडं. साधा फ्लूसुद्धा त्यांना झेपला नसता, आणि प्रयोगशाळेतला तो वाण साधा नव्हता. फ्लूच्या नेहमीच्या औषधाला तो दाद देत नसे. तो तिथे ठेवलाच होता त्यासाठी.

"नळीत काही उरलंय का?" बाईंनी विचारलं.

"आहे. फ्रिजमध्ये."

"मग विचारू या त्यालाच, जिवंत आहेस की मेलास. तू आता घरात जाऊ नकोस. इथली पाहुण्यांची खोली रिकामी आहे. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, इथे आल्यावर काम आहे."

डॉक्टरांना कळवणं भाग होतं. बाबांचे डॉक्टर मोजकं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा, विषाणू जिवंत असेल तर ती गोळी लगेच थांबवावी लागेल, म्हणजे त्यांचं शरीर लढू शकेल. पण गोळी थांबवली तर बसवलेलं मूत्रपिंड हातचं जाऊ शकतं. मेलेला असेल तर गोळीला हातही लावायचा नाही. आजची गोळी द्या. उद्याची द्यायची की नाही, ते मला उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. तोवर ताप बघत राहा."

आईने दिलेला तो अवयव राहणार की जाणार, हे आता एका नळीतल्या थेंबावर येऊन ठेपलं होतं.

*

पाहुण्यांच्या खोलीत एक लोखंडी कॉट, एक खुर्ची आणि न उघडणारी खिडकी. थोरली कॉटवर बसते न बसते तोच घरून फोन आला. धाकटा होता. तो गाड्या दुरुस्त करायचा, आणि जगातली प्रत्येक वस्तू त्याला गाडीच वाटायची.

"ताई, मला एक सांग. झटपट चाचणीची पट्टी तुमच्याकडे ढिगाने पडलीय ना? लाव की त्या नळीला. रेष आली तर आली."

"येणारच रेष. मेलेल्यालाही येते. ती रेष, वस्तू तिथे आहे एवढंच सांगते."

"म्हणजे गाडी दारात उभी आहे हे कळतं, पण चालू होते का ते नाही कळत."

"अगदी बरोबर बोललास रे, कधी नव्हे ते."

"कधी नव्हे ते म्हणे! दुपारपासून बिनमिठाची भाजी मी करतोय. बाबांनी एक घास खाल्ला आणि देवाचं नाव घेतलं."

मागून बाबांचा आवाज आला, "दे इकडे तो फोन." आणि मग, "काय गं, मला कोणी नीट सांगणार आहे का? माझ्याच जिवाचं चाललंय आणि मलाच पत्ता नाही. तू नेहमी म्हणतेस तो कोण एनपी का काय?"

थोरलीला वाटलं, यांना कसं सांगावं? मग तिला बाबांचं शिवणयंत्र आठवलं.

"बाबा, धागा नुसता मोकळा सोडला तर मशीनवर चालतो का?"

"छे! गुंता होतो. रिळावर गुंडाळलेला लागतो."

"तसंच आहे. फ्लूच्या विषाणूत आठ धागे असतात. त्याचं सगळं शहाणपण त्या आठ धाग्यांत. पण ते धागे नाजूक, मोकळे सोडले तर तुटून जातील. म्हणून ते रिळांवर गुंडाळलेले असतात. ते रीळ म्हणजे एनपी."

"एका धाग्याला एक रीळ?"

"नाही, एकेका धाग्याला पुष्कळ. एकाला एक लागून ओळीने, मण्यांसारखी."

"बरं. पुढे?"

"आपल्या पेशीत एक आतली खोली असते, केंद्रक. सगळी महत्त्वाची कामं तिथे. दारावर पहारा, असातसा कोणी आत जाऊ शकत नाही. पण या रिळावर एक खूण शिवलेली असते, पासासारखी. आपल्याच पेशीतले हमाल ती खूण बघतात, त्यांना वाटतं हा आपलाच माल, आणि ते त्याला उचलून आत नेऊन ठेवतात."

"आपलेच हमाल?"

"आपलेच. एकदा आत गेलं की धाग्यावरून हुबेहूब दुसरा धागा उतरवायचं काम सुरू. नवे धागे झाले की नवी रिळं हवीत. ती बाहेरच्या दालनात तयार होतात आणि तीही पुन्हा आत. थोड्या वेळात केंद्रक रिळांनी भरून जातं. रिळं कमी पडली तर विषाणूचा सगळा कारखाना बंद."

"आणि मेलेला असला तर?"

"मेलेल्याकडेही रिळं असतात, पण त्याला स्वतःचं वेष्टण फोडून बाहेर येता येत नाही. त्याची रिळं आतल्या खोलीत पोहोचत नाहीत. म्हणून आम्ही काय करणार, त्या नळीतलं थोडं निरोगी पेशींवर टाकणार, काही तास थांबणार, आणि एनपीला चिकटून चमकणारं एक रसायन लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार. केंद्रकात हिरवा उजेड दिसला तर जिवंत. केंद्रक काळं राहिलं तर मेलेला."

"म्हणजे मी आता देवाकडे अंधार मागायचा?" बाबा म्हणाले. "जन्मभर उजेड मागत आलो. त्याला वाटेल, म्हातारा बदलला."

थोरली हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. बाबांना ते फोनवरूनही कळलं असावं. ते हळूच म्हणाले, "तू चूक केलीस, तूच ओळखलीस, लगेच सांगितलंस. आता काळजी त्याच्यावर टाक आणि हात चालव."

*

पण हात चालवायचं काम बाईंनी तिला दिलं नाही.

"बोटं बघ तुझी, थरथरतायत. शिवाय तूच संशयित. पेशींवर टाकायचं मी करते, रंगवायचं काजवा करेल. तू मास्क लावून लांब बस."

काजवा म्हणजे त्यांचा सहकारी. दिवसभर अंधाऱ्या खोलीत चमकत्या पेशींचे फोटो काढायचा, म्हणून हे नाव. त्याचं स्वतःचं संशोधन पेशीच्या बाहेरच्या दालनातलं, पण रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. थोरलीला धीर द्यायला तो म्हणाला, "तू निवांत रहा. मी सगळं ताजं बनवतो, स्वतःच्या हाताने. अगदी पाहुण्यांना करतात तसं."

बाईंनी बंदिस्त कपाटात बसून तीन तऱ्हेच्या काचपट्ट्या केल्या. एकीवरच्या पेशींना काहीच दिलं नाही. दुसरीवर थोरलीच्या नळीतलं टाकलं. तिसरीवर मुद्दाम जिवंत विषाणू टाकला, म्हणजे खरा उजेड कसा दिसतो ते समोर राहावं. प्रत्येक तऱ्हेच्या दोनदोन जास्तीच्या पट्ट्याही करून ठेवल्या. बाईंची ती सवयच, पाहुणे चार असले तर पानं सहा मांडायची. त्याआधी रात्रभर पेशी काचेवर उबेत रुजल्या होत्या. पहाटे त्यांच्यावर हे सगळं पडलं, आणि सकाळी सगळं जागच्या जागी गोठवून ठेवणारं औषध घालून काजव्याने रंगवायला घेतलं.

दुपारी बाई सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर थोरलीच्या नळीची पट्टी उमटली. केंद्रकं निळ्या रंगाने रंगवलेली होती, आकाशात विखुरलेल्या गोट्यांसारखी. बाईंनी हिरवा उजेड पाहायची कळ दाबली. इकडेतिकडे एखादा बारीक ठिपका, बस्स. केंद्रकं काळी ठिक्कर. बाईंनी पट्टी सरकवली. काळी. आणखी सरकवली. काळीच.

बाईंनी खुर्ची मागे ढकलली. "मेलाय गं, मेलाय! जा घरी."

थोरलीने तिथूनच घरी फोन लावला. आईला एकच शब्द सांगता आला, "मेलाय." आईने तो ऐकला आणि घरात ओरडून सांगितला, तिकडून धाकट्याने पातेल्यावर डाव वाजवला, तो आवाज इकडे बाईंनाही ऐकू गेला. थोरलीने डॉक्टरांच्या मदतनिसालाही निरोप देऊन टाकला.

पिशवी भरून ती निघाली, आणि निघता निघता काजव्याला म्हणाली, "ती जिवंत विषाणूची पट्टी दाखव की जरा. बाबा विचारतील, उजेड कसा असतो म्हणून."

काजव्याने ती पट्टी लावली. निळी केंद्रकं दिसली. त्याने हिरवी कळ दाबली.

काळं.

त्याने पट्टी सरकवली, पुन्हा पाहिलं. इथेही तसेच बारीक ठिपके आणि मध्ये काळी केंद्रकं. जिच्यावर भरभरून जिवंत विषाणू टाकला होता तीही काळी.

थोरलीने पिशवी खाली ठेवली. जिथे उजेड असायलाच हवा तिथे नसेल, तर तिच्या पट्टीतल्या अंधाराला काय अर्थ उरला?

"काजव्या," ती हळूच म्हणाली, "साबण कुठला घेतलास?"

"नेहमीचाच."

"तुझा नेहमीचा की माझा नेहमीचा?"

काजव्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो स्टुलावर बसला. "माझा," तो म्हणाला. "हलका. मी... मला सुचलंच नाही. मी रोज तोच वापरतो."

ही चूक त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. पेशी रंगवायची तर आधी तिला साबणाने भोकं पाडावी लागतात, नाहीतर चमकणारं रसायन आत शिरत नाही. हलका साबण बाहेरचं दार उघडतो, पण केंद्रकाचं दार बंदच ठेवतो. काजव्याला बाहेरच्या दालनाशीच काम, त्याला हलकाच बरा. एनपी बघायचं तर कडक साबण हवा, आतलं दारही उघडणारा. त्याचं रसायन अंगणातच ताटकळत राहिलं होतं. आत कोण आहे, कोण नाही, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"मी डॉक्टरांना फोन करते," बाई म्हणाल्या. "आणि घरीही मीच सांगते. जा, तू पाणी पी."

"नको बाई. 'मेलाय' मी म्हटलंय, मीच परत घेते."

सगळं तिच्या बाजूचं होतं. बाई जा म्हणाल्या होत्या, डॉक्टरांपर्यंत निरोप गेला होता, घरी आनंद झाला होता. ती पट्टी तिने पाहिलीच नसती तर कोणी तिला जाब विचारला नसता. हे तिच्या मनात आलं नाही असं कसं म्हणावं, माणसाचं मन आहे. पण मनात आलं आणि निघून गेलं.

फोन आईने उचलला. "निघालीस का? मी तुझं अंथरूण बाबांच्या खोलीतच..."

"आई, मघाशी सांगितलं ते खरं धरू नकोस."

"म्हणजे? जिवंत आहे?"

"माहीत नाही. मघाशीही माहीत नव्हतं, आम्हाला वाटलं की माहीत आहे. रंगवताना चूक झाली. परत करावं लागेल."

आई म्हणाली, "अगं, माझा जीव असा वरखाली किती वेळा करणार आहात?"

मग फोनवर बाबा आले. "कोणाची चूक?"

"काजव्याची. पण बाबा, तो बिचारा..."

"त्याला रागावू नका. शिलाई चुकली तर उसवायची आणि पुन्हा घालायची. मी रेशमावर उसवलंय, घामाघूम होऊन. कापड शाबूत आहे ना?"

थोरलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी जास्तीच्या पट्ट्यांची पेटी वर उचलून दाखवली.

"आहे, बाबा. कापड शाबूत आहे."

"मग घाल शिलाई."

*

या वेळी थोरलीने स्वतःच्या हाताने रंगवायला घेतलं. नवल म्हणजे बोटं थरथरली नाहीत. कडक साबणाची बाटली तिने काजव्याला मोठ्याने वाचायला लावली, आणि त्यानेही शाळेत कविता म्हणावी तशी ती वाचली. मग रसायन, मग धुणं, मग पुन्हा रसायन. मधल्या वेळात कोणी चहा करून आणला, तो गार होऊन गेला. काजवा एकदाच बोलला, "तू मला शिव्या का देत नाहीस?"

"आधी निकाल येऊ दे. मग सगळ्या एकदम देते."

थोरलीने चूक कळवली तेव्हा डॉक्टर फोनवर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही.

ऊन खाली उतरलं तेव्हा ते तिघं पुन्हा अंधाऱ्या खोलीत आले. थोरली म्हणाली, "आधी जिवंतवाली."

काजव्याने कळ दाबली आणि तिघांच्याही तोंडून एकदमच श्वास सुटला. पडदाभर हिरवे दिवे. प्रत्येक केंद्रक काठोकाठ भरून तेजाळलेलं, जणू सगळ्या गावाने एकाच वेळी आपापल्या आतल्या खोलीत दिवा लावला. इतकं देखणं दृश्य आणि इतकं भयंकर. ती सगळी रिळं होती. आपल्याच हमालांनी, आपल्याच विश्वासाने आत वाहून नेलेली. ज्याने हे निर्माण केलं त्याने वैऱ्याच्या हातातही केवढी कारागिरी ठेवली!

"आता ही रीत खरं बोलते," बाई म्हणाल्या. "लाव तिची पट्टी."

थोरलीने स्वतः पट्टी बसवली. पहिली नजर टाकली. निळं. मग हिरवी कळ.

काळं.

"नुसतं इथेच नाही बघायचं," ती स्वतःलाच म्हणाली. झाकणाखालून एकच थेंब जिवंत आलेला असला तर हजारात एखादी पेशी उजळेल. तेवढीही पुरे. ती पट्टीच्या एका कोपऱ्यापासून निघाली, शेतात नांगर फिरावा तशी, एक ओळ इकडून तिकडे, दुसरी तिकडून इकडे. काळं, काळं, काळं. बाबांनी मागितलेला अंधार.

आणि मध्येच एक लख्ख हिरवा ठिपका.

काजव्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं. बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. थोरलीने ओठ घट्ट मिटले आणि हळूहळू भिंग वरखाली केलं. ठिपका स्पष्ट झाला तेव्हा खालचं केंद्रक धूसर झालं, आणि केंद्रक स्पष्ट झालं तेव्हा ठिपका. ठिपका पेशीच्या आत नव्हताच. वर कुठेतरी तरंगत होता. कडाही वेड्यावाकड्या.

"रंगाचा कण आहे," काजवा म्हणाला. "धुण्यात राहिलेला. बघ, खालचं केंद्रक काळंच आहे."

"माझ्या धुण्यात राहिलेला," थोरली म्हणाली. "झाली आपली फिटंफाट."

ती पुढे गेली. पट्टी संपली. दुसरी जास्तीची होती, तीही संपवली. मग बाईंनी दोन्ही पुन्हा स्वतः पाहिल्या, अगदी सुरुवातीपासून. थोरली दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होती. काय सांगावं, त्या झाकणाला थेंब चिकटलेले होते की नव्हते, की होते आणि त्यांनाही कशीबशी ऊब पोहोचली, ते एका देवालाच ठाऊक.

बाई वळल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता घरी जा, बाळ."

थोरलीने आधी डॉक्टरांना फोन केला. साबणाचं सांगितलं, जिवंत पट्टीचं सांगितलं, त्या कणाचंही सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "खात्री?"

"हो. या वेळी आहे."

"मग संध्याकाळची गोळी अख्खी द्या."

*

घरापर्यंतचा रस्ता ती चालतच गेली. दुकानांचे दिवे लागत होते, कोणी शटर ओढत होतं, फुटपाथवर कोणी सायकल धूत होतं. रोजचंच सगळं, पण आज प्रत्येक माणसाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

जिन्यातच धाकटा भेटला. "ताई, आत यायच्या आधी एक सांग. चालू होते का गाडी?"

"नाही. इंजीन गेलेलंच आहे."

"खरं की मघासारखं?"

"मघासारखं नाही."

त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि लगेच म्हणाला, "मग स्वयंपाकघर तुझं. मी राजीनामा दिलाय."

आत आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काही विचारलं नाही. थोरलीने मान हलवली तशी ती आली, लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली आणि नकळत एक हात स्वतःच्या कमरेवर, जिथे टाके होते तिथे ठेवला. मग म्हणाली, "मी जरा आडवी होते," आणि बैठकीतल्या सतरंजीवर कधी झोप लागली ते तिलाही कळलं नाही. कालपासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाबा उशीला टेकून बसले होते. "अंधार मिळाला का?"

"मिळाला. काळा कुळकुळीत."

"आणि उजेड कसा असतो तो, खरा?"

थोरलीने त्यांना सगळं सांगितलं. पडदाभर दिवे, एकेक केंद्रक कसं भरलेलं, आणि आपलेच हमाल ते ओझं कसं आत नेतात. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "बिचारे हमाल. त्यांचा काय दोष? खूण ओळखीची दिसली, त्यांनी मान दिला." आणि लगेच पुढे म्हणाले, "त्या काजव्याला रविवारी घरी बोलव. साबण कुठला वापरायचा ते त्याला आई शिकवेल."

थोरलीने डबीतून गोळी काढली. कालपासून घरातला प्रत्येक माणूस या गोळीकडे नजर लावून बसला होता. तिने ती बाबांच्या तळहातावर ठेवली, पेला पुढे केला.

"अख्खी?" बाबांनी विचारलं.

"अख्खी."

बाबांनी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवलं, लहान मूल दाखवतं तसं. बाहेरच्या खोलीत आई घोरत होती. बाबा कान देऊन ऐकू लागले.

"हिचं घोरणं ऐकून बरेच दिवस झाले," ते म्हणाले. "नको उठवूस. झोपू दे."